चाकांवरचे घर आणि अक्काचा प्रश्न

माणसाला घर लागते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. आमचे बालपण मुंबईत, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गेले. त्या खोलीत आम्ही नऊ माणसे. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या भाचीने अमेरिकेहून फोन करून सांगितले, "मामा, आम्ही घर घेत नाही, चाकांवरचे घर घेतोय," तेव्हा आम्ही क्षणभर गप्पच झालो.

ही आमच्या थोरल्या अक्काची मुलगी. नर्सिंग शिकून ती टेक्सासला नोकरीला गेली. जावईबापूही तिच्याबरोबर गेले आणि पुढे तिथल्या लष्करात भरती झाले. ग्रीन कार्ड असले की नागरिकत्वाआधीही तिथे सैन्यात जाता येते. पण लष्कर म्हटले की बदली आलीच. दोन-चार वर्षांनी हुकूम येतो आणि भाड्याचे घर सोडून सारा संसार हलवावा लागतो. या वेळी हुकूम आला होता कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कार्सनचा. दोघांनी ठरवले, आता सामान हलवायचे नाही, घरच हलवायचे.

अशा गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. तिचे मुख्य प्रकार तीन. मोटरहोमला स्वतःचे इंजिन असते, बससारखी चालवत न्यायची. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागे जोडून ओढायचा. फिफ्थ व्हील हा मोठा ट्रेलर, तो उघड्या ट्रकच्या पाठीवर टेकवून जोडतात. आत स्वयंपाकघर, बिछाना, संडास-न्हाणी सगळे असते. अठ्ठावीस फूट लांब आणि आठ फूट रुंद ट्रेलर म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास जागा. आमच्या चाळीतल्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट, आणि राहणारी माणसे दोनच! हे ऐकून आमचा अर्धा विरोध तिथेच मावळला.

अक्काचा मात्र मावळला नाही. आमचे दाजी महार रेजिमेंटमध्ये होते. अक्काने वीस वर्षे काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर संसार केला. दाजी निवृत्त झाल्यावर गावाकडे चार खोल्या बांधल्या, तेव्हा कुठे तिला घर मिळाले. ती म्हणाली, "मी ट्रंकेत दिवस काढले ते पोरीच्या घराला पाया असावा म्हणून. आणि हिला चाकं हवीत? तिचा पत्ता काय लिहायचा?"

पत्त्याचा प्रश्न साधा नाही. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाकारलेली माणसे आम्ही कार्यकर्ते म्हणून रोज पाहतो. भाचीने समजावले की बदली झाली तरी फौजी माणसाला आपले मूळ राज्य कायम ठेवता येते, असा तिथला कायदा आहे. त्यांचे राज्य टेक्सास. तिथे राज्याचा आयकर नाही. टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या सेवा पैसे भरून मिळतात. तिचा नर्सिंगचा टेक्सासचा परवानाही राज्याराज्यांतल्या करारामुळे कोलोरॅडोत चालतो. अक्का ऐकत होती, पण तिचा चेहरा काही बदलला नाही.

हिशेबाचे काम आमच्याकडे आले. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून, जमाखर्च मांडायला बसलो. फौजीला सरकारी निवासस्थान दिले नसेल तर घरभाडे भत्ता मिळतो. तो हुद्दा, ठिकाण आणि कुटुंब पाहून ठरतो. आरव्हीत राहून खर्च कमी आला तर उरलेली रक्कम आपली. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला आम्ही पहिला शब्द लिहिला, घसारा. जमिनीवरच्या घराचा भाव बहुधा चढतो, गाडीचा उतरतो. फौजींना घरासाठी मिळणारे सरकारी हमीचे कर्ज आरव्हीला चालत नाही. साधा विमा कायम राहणाऱ्यांना पुरत नाही, वेगळा घ्यावा लागतो. आणि गाडीत बारमाही राहिल्यास काही कंपन्यांची हमी लागू होत नाही, ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. म्हणून आम्ही सुचवले, नवी कोरी घेऊ नका. चार-पाच वर्षे वापरलेली घ्या, मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

दोघांच्या मनात भरले होते मोठे फिफ्थ व्हील. विक्रेता म्हणाला, "तुमचा ट्रक सहज ओढेल." जावईबापूंनी ट्रकच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीचा फोटो पाठवला. ट्रक किती ओढतो ही एक गोष्ट, पाठीवर किती पेलतो ही दुसरी. पट्टीवरचा आकडा साधारण एक हजार किलोचा होता. सामानासह ते फिफ्थ व्हील सहा हजार किलोंचे. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणजे बाराशे किलो. माणसे आणि अवजारे वेगळीच. वजाबाकीत उत्तर शून्याखाली गेले! साडेतीन हजार किलोंचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला तर जोडावर साडेतीनशे ते सव्वापाचशे किलो भार येत होता. तो ट्रकला पेलणारा होता. शिवाय पाण्याचेही वजन धरावे लागते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो.

तरी दोघांचे मन मोठ्या गाडीवरच. मोठा ट्रक घेऊ म्हणाले. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या अक्काने फोन हातात घेतला. "जावईबापू, तुम्ही घरी असाल तेव्हाचं सगळं ठीक आहे. तुम्हाला मोहिमेवर धाडलं की हे धूड जोडणार कोण, मागे घेणार कोण? माझा नवरा सीमेवर असताना पावसात छप्पर गळलं, तेव्हा मीच वर चढले होते. फौजीच्या बायकोने घर घ्यावं ते एकटीला पेलेल असं."

पलीकडे शांतता पसरली. इतके आकडे मांडूनही आम्हाला हा प्रश्न सुचला नव्हता. सहा महिने, नऊ महिने नवरा नसेल, हे त्या दोघांना ठाऊक होते, पण घर निवडताना ते विसरले होते.

अखेर त्यांनी अठ्ठावीस फुटी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. कोलोरॅडोच्या थंडीत नळ गोठतात, म्हणून खालची बाजू झाकलेली आणि टाक्यांना ऊब पोहोचणारी गाडी पाहिली. दर रविवारी रिकाम्या मैदानात भाची ट्रेलर जोडायला आणि मागे घ्यायला शिकली.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या गाडीला तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. मैल्याची टाकी हातमोजे घालून, नळी जोडून ज्याची त्याने रिकामी करायची. शिपाई असो वा कर्नल. ज्या देशात हे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्या गळ्यात बांधले गेले, तिथल्या माणसाला हे पाहून विचार करावासा वाटतो.

बऱ्याच छावण्यांत आरव्हीसाठी तळ असतात, त्यांना फॅमकॅम्प म्हणतात. वीज-पाण्याची सोय असते, पण अनेक ठिकाणी मुक्कामाची मुदत ठरलेली असते. दोन महिन्यांपूर्वी जावईबापू मोहिमेवर गेले आणि पाठोपाठ त्यांच्या तळावरची मुदत संपली. भाचीने एकटीने ट्रेलर जोडला, दुसऱ्या तळावर नेला, उभा केला, आणि रात्री आईला फोन लावला.

अक्काने पत्ता विचारला नाही. ती एवढेच म्हणाली, "चाकांना अडण लावलीस ना?"

"लावली, आई."

"मग जेव आता."

आपल्या घरातही कोणी पलटणीत, पोलिसात, रेल्वेत बदलीच्या नोकरीवर असेल. घर भाड्याचे घ्या, मालकीचे घ्या किंवा चाकांवरचे घ्या. पण निवडताना दोघे घरी असतानाचा दिवस धरू नका, एकजण दूर असतानाचा धरा. आमच्या अक्काचा हा हिशेब आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात नव्हता.