पितळ, वाफ आणि फेव्हिक्विक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले सहा-सात शनिवार एका कीबोर्डने खाल्ले. तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअरवाल्याचा शनिवार कीबोर्डवरच जाणार, त्यात काय सांगायचं? पण मी तो बडवत नव्हतो, सजवत होतो. एक जुना काळा कीबोर्ड सोलून त्याला पितळी पत्र्याची चौकट केली, कडेने तांब्याची नळी फिरवली, टाइपरायटरला असतात तशी गोल बटणं बसवली आणि वरच्या पट्टीवर चौदा पितळी दातेरी चाकं लावली. चाकं कुठली, तर रविवारच्या जुन्या बाजारातून उचललेल्या मेलेल्या घड्याळांच्या पोटातली. (त्या विक्रेत्याने शेवटी विचारलंच, "साहेब, घड्याळजी का तुम्ही?")

ह्या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा पेट्रोल, ट्रान्झिस्टर वगैरे भानगडी आल्याच नसत्या आणि एकोणिसाव्या शतकातली वाफेची यंत्रंच सुधारत गेली असती, तर? आकाशात विमानांऐवजी फुगवलेली हवाई जहाजं, टेबलावर पितळी संगणक, आणि सगळ्याला कुठे ना कुठे झडप आणि सुईचं घड्याळ. माणसं मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, उंच हॅट घातलेली. ह्या 'तर'वर कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले, गेम्स आले आणि मग लोक तसे कपडे घालून हिंडायला लागले. मी ह्यात सापडलो तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री रँकिन सायकल पाठ करायची सोडून ओटोमोचा 'स्टीमबॉय' (२००४) बघत बसलो होतो. पेपर जेमतेम सुटला. पण स्टीम टेबलमधल्या त्या रुक्ष आकड्यांतून इतकं काही निघू शकतं हे प्रथमच कळलं.

नावाची गंमत अशी की ते मुळात विनोद म्हणून आलं. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने 'लोकस' मासिकाला पत्र लिहिलं. तो, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे मित्र जुन्या लंडनच्या अद्भुत गोष्टी लिहीत होते. तेव्हा सायबरपंकची हवा होती. जेटरने गमतीत सुचवलं की आम्हाला काहीतरी नाव द्या, 'स्टीमपंक' वगैरे. झालं, तेच चिकटलं! आणखी गंमत म्हणजे हे तिघे राहायचे कॅलिफोर्नियात. त्यांना लंडन सापडलं ते हेन्री मेह्यूच्या पुस्तकात. मेह्यू हा एकोणिसाव्या शतकातला पत्रकार. लंडनमधले फेरीवाले, चिंध्या वेचणारे, गटारांत उतरून मोडतोड गोळा करणारे अशा लोकांशी बोलून त्याने ते सगळं तपशिलात लिहून ठेवलं होतं. म्हणजे ह्या झगमगीत पितळी प्रकाराच्या मुळाशी चिंध्या वेचणारी माणसं होती. हे मला बरंच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा कीबोर्ड झालेला होता. असो.

आमच्यासारख्या संगणकवाल्यांना ह्यातला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे चार्ल्स बॅबेज. गणिताची कोष्टकं माणसं हाताने काढायची आणि त्यात चुका व्हायच्या, म्हणून हा गृहस्थ चाकांचं गणकयंत्र बनवायला निघाला. इंग्लंडच्या सरकारने त्यावर सतरा हजार पौंड खर्च केले. कारागिराशी भांडण झालं, मध्येच बॅबेजला आणखी भारी यंत्र सुचलं आणि १८४२ साली सरकारने हात वर केले. (रिक्वायरमेंट बदलत राहिल्याने प्रोजेक्ट बंद पडणं आमच्याच पिढीत सुरू झालं असा माझा समज होता.) हे भारी यंत्र म्हणजे ॲनालिटिकल इंजिन. त्यात आकडे ठेवायच्या जागेला त्याने 'स्टोअर' म्हटलं आणि हिशेब करणाऱ्या भागाला 'मिल'. आपल्या प्रोसेसरचं पहिलं नाव गिरणी!

गिब्सन आणि स्टर्लिंग ह्या जोडीने १९९० साली 'द डिफरन्स इंजिन' लिहिली. त्यात बॅबेज यशस्वी होतो आणि संगणकाचं युग शंभर वर्षं आधीच येतं. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा हिशेब करणारा भाग त्याच्याच नकाशांवरून खरोखर बनवला, आणि तो चालला. छपाईचा भाग २००२ मध्ये पुरा झाला. सगळं मिळून आठ हजार सुटे भाग, वजन पाच टन. त्याचे व्हिडिओ मी किती वेळा बघितलेत त्याला गणती नाही. पितळी चाकांचे खांब ओळीने उभे आहेत, आणि हातचा पुढे सरकतो तेव्हा त्यांच्यामागून एक लाट वर चढत जाते. बेरीज होताना दिसते. मी सहा वर्षं बँकांच्या बेरजा करणारा कोड लिहितोय, पण बेरीज होताना मी कधी बघितलेली नाही. आणि हो, हे यंत्र वाफेवर चालत नाही. कडेला एक दांडा आहे, तो माणूस फिरवतो.

ऑक्सफर्डच्या विज्ञान इतिहासाच्या संग्रहालयात २००९ साली स्टीमपंक वस्तूंचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच वर्षापासून लिंकन गावात ह्या लोकांची जत्रा भरायला लागली. तिथे चहाची द्वंद्वयुद्धं होतात. दोघांनी चहात बिस्किट बुडवायचं, बाहेर काढायचं, आणि जो जास्त वेळ थांबून बिस्किट न मोडता तोंडात घालेल तो जिंकला. पार्ले-जीवर वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाने तिथे जाऊन बक्षीस आणावं. बाकी पोशाख म्हणाल तर जाकीट, साखळीचं घड्याळ आणि गॉगल. गॉगल डोळ्यांवर कमी, हॅटवरच जास्त.

आणि चाकं. हॅटवर चाकं, कानात चाकं, मोबाईलच्या पाठीवर चाकं. ह्यावर त्यांच्यातलेच कसलेले कारागीर वैतागतात. जेक फॉन स्लॅट ह्या टोपणनावाच्या अमेरिकन माणसाने आयबीएमच्या जुन्या मॉडेल एम कीबोर्डचं जे पितळी रूप केलं, ते बघूनच मी ह्या नादाला लागलो. पण त्याच्या हातात करवत आणि कानस होती, आमच्या हातात फेव्हिक्विक. कशातच न अडकणारं चाक नुसतं चिकटवायचं ह्याला त्या जगात नाक मुरडतात हे मला माहीत होतं. तरी चौदा चिकटवली. दिसत छान होती हो!

दिवाळीला गावी जाताना कीबोर्ड पिशवीत घालून नेला. आबांना दाखवायला.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात तीसहून जास्त वर्षं बॉयलर अटेंडंट होते. मी मेकॅनिकलला गेलो तेव्हा गल्लीत पेढे त्यांनी वाटले होते. त्यांच्या मनात मी कारखान्यात इंजिनिअर म्हणून परत येणार हे पक्कं होतं. शेवटच्या वर्षी कॅम्पसला आयटी कंपनी आली, आमचा निम्मा मेकॅनिकलचा वर्ग तिच्यात गेला, मीही गेलो. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तितं काय बनीवता?" म्हटलं, बँकांचं सॉफ्टवेअर. जरा थांबून म्हणाले, "बरं हाय."

तर ओसरीवर कीबोर्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्ये काय म्हनायचं?"

"कीबोर्ड आहे आबा. स्टीमपंक."

"स्टीम?" एकदम सावरून बसले. हा शब्द त्यांचा घरचा. चष्मा लावला, उलटासुलटा करून बघितला आणि बोटाने सगळ्यात मोठं चाक ढकललं. हललं नाही. शेजारचं ढकललं. तेही नाही.

"गंजल्यात व्हय?"

"नाही, चिकटवलीत."

"मग ह्ये चाक फिरीवतंय कुनाला?"

"कुणालाच नाही. नुसतं दिसायला."

आबांनी कीबोर्ड हळूच खाली ठेवला. "असू दे. बरं हाय."

तोच सूर. सहा वर्षांपूर्वीचा.

मी उगाच सारवासारव करायला लागलो. वाफेचं युग गेलं ना आता, म्हणून लोकांना त्याची मजा वाटते, वगैरे. आबा म्हणाले, "गेलं? मग साखर काय उन्हात वाळीवत्यात?" गप्प बसलो. खरंच की! दसऱ्याच्या सुमाराला कारखान्या-कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात, आपण पान उलटतो. उसाची चिपाडं जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवायचा. आणि साखरच कशाला, देशातली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळसा जाळून, पाणी उकळून, वाफेनेच होते. मी ज्याला क्लाउड म्हणतो त्याचं दुसरं टोक धरून ओढत गेलं तर बॉयलरशीच पोचतं. मी ज्या काल्पनिक जगासाठी सात शनिवार घालवले, त्यात हा माणूस तीस वर्षं हजेरी लावून आला होता.

आबांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी आहे. लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. बॉयलरच्या तोंडाशी पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, गेज ग्लास. आठ तास तिच्यावर डोळा ठेवणं हीच नोकरी. पाणी फार उतरलं तर आतल्या नळ्या कोरड्या पडून लाल होतात आणि मग खेळ खलास. एका रात्री ती काचच फुटली. हात आडवा घातला म्हणून तोंड वाचलं.

"गॉगल नव्हता?"

"हुता की. तीन शिफ्टला मिळून एक."

माझ्या हॅटवर मिरवायच्या गॉगलची ऑर्डर तेव्हा वाटेत होती. पुण्यात आल्यावर रद्द केली.

मग वातावरण हलकं करायला मी त्यांना ज्यूल व्हर्नची गोष्ट सांगितली. स्टीमपंकवाले ह्या फ्रेंच लेखकाला आजोबाच मानतात. (खरं तर त्याची प्रसिद्ध 'नॉटिलस' पाणबुडी विजेवर चालते, पण भक्तांना हे सांगायची सोय नाही.) पाणबुडीचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला. हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केलं. २००३ च्या हॉलिवूडपटात तो नासिरुद्दीन शाहने केला. पण आबांना सांगितली ती १८८० मधली दुसरी गोष्ट, 'वाफेचं घर'. इंग्रज मंडळी वाफेवर चालणाऱ्या पोलादी हत्तीला दोन घरं जोडून हिंदुस्थानभर फिरतात. सोंडेतून धूर निघतो. आणि ह्या हत्तीच्या गोष्टीची सुरुवात होते कुठे? तेव्हाच्या औरंगाबादेत, १८६७ साली. भिंतीवर इनामाची जाहिरात लागलीय, नानासाहेब पेशव्याला पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंड! कारण गोष्टीतला खलनायक तोच.

"पेशव्याला व्हिलन केला?"

"हो. आणि शेवटी हत्तीचा बॉयलर फुटतो."

आबा पेशव्यांना तिथेच सोडून पुढे सरकले. "पानी कमी पडलं आसंल. न्हाईतर सेफ्टी व्हॉल्व्ह बांदला आसंल कुनीतरी. बॉयलर आपनहून फुटत न्हाई." व्हर्नची एवढी नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ट्रंकेतून जुन्या धोतरात गुंडाळलेली वस्तू काढली. पितळी प्रेशर गेज, ताटलीएवढं, चाळीस किलोपर्यंत आकडे. निवृत्तीच्या वेळी भंगारात निघालेलं मागून आणलेलं. मागचं झाकण उघडलं. आत प्रश्नचिन्हासारखी वाकलेली चपटी नळी. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते, तिच्या टोकाला एक काडी, काडीला दातेरी पंखा, पंख्यात अडकलेलं इवलंसं चाक आणि चाकावर सुई. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली ह्याचं पेटंट घेतलं. परीक्षेत मी ह्याची आकृती काढून मार्क मिळवलेत. हातात पहिल्यांदाच धरलं.

"हितं बग," आबा म्हणाले, "ह्ये चाक फिरीवतंय."

सुई शून्यावर अडकली होती. रॉकेल, जुना टूथब्रश आणि अर्धा दिवस. संध्याकाळी दोघं गेज घेऊन नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. जाड रबरी नळी, दोन क्लिपा, कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याला वाटलं ट्रॅक्टरचं काही असेल. हवा सोडली. सुई जागची हलेना. आबांनी काचेवर नखाने टिचकी मारली, नुसती एक, आणि ती थरथरत सुटली. एक. दोन. तीन. चार. मग क्लिप उडाली, नळी फुस्सकन निसटली, बाकड्यावर झोपलेलं कुत्रं पळालं. आबा खळखळून हसले. "चार किलो! येवड्यात रसाची कढई बी तापायची न्हाई."

परत येताना मी म्हटलं, हे गेज कीबोर्डच्या मागे लावतो, आत छोटी मोटर बसवून सुईवर सर्व्हरचा लोड दाखवतो. आबा चालता चालता थांबले. "सुई दाबानं हलाय पायजे. मोटर लावली की त्ये गेज न्हाई ऱ्हायलं." मग चार पावलं जाऊन म्हणाले, "त्या तुज्या पेटीत दाब कशात आसतोय त्ये बग आदी."

गेज आता माझ्या टेबलावर आहे, बिनमोटरचं. कीबोर्डवरची बारा चाकं काढून टाकली, त्यांच्या जागी फेव्हिक्विकचे पांढरे डाग आहेत. दोन ठेवलीत. एंटर दाबलं की पहिलं एक दात सरकावं आणि त्याने दुसऱ्याला फिरवावं एवढाच बेत आहे. आबांनी फोनवर रॅचेट कसं करायचं ते सांगितलं, मी कागदावर काढून त्यांना फोटो पाठवला, त्यांनी काकाच्या मोबाईलवरून उलट निरोप धाडला की दात उलट्या बाजूला काढलेस. काल नीट केले. चाक एक दात सरकतं, पण स्प्रिंग कच्ची असल्याने परत मागे येतं. आत्ता हे लिहिताना प्रत्येक परिच्छेदाला पुढे-मागे, पुढे-मागे चाललंय. उद्या रविवार, जुना बाजार आहे.