चाचणीची प्रत

आम्हा तिघा मित्रांना सुपर ८ फिल्मवर चित्रणाची चाचणी घ्यायची आहे. कोडॅकने १९६५ साली आणलेल्या या फिल्मचे रीळ ५० फुटांचे. त्यात ३६०० फ्रेम्स. सेकंदाला १८ फ्रेम्स या वेगाने ते ३ मिनिटे २० सेकंदांत संपते. फिल्म विकत घेण्यात आणि धुऊन आणण्यातच वर्गणी आटते. व्हिडिओ प्रतीसाठी उरतात ते थोडके पैसे.

पॉझिटिव्ह रीळ असेल तर सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ते भिंतीवर दाखवून मोबाइलने टिपणे. पण प्रोजेक्टरच्या शटरचा आणि मोबाइलचा वेग जुळत नाही, म्हणून चित्र लुकलुकते. शिवाय मोबाइल, तसे बंद केले नाही तर, आपणहून उजेड कमीजास्त करतो. काळवंडलेले दृश्यही उजळते. मग आपला प्रकाशाचा अंदाज बरोबर होता की नाही, हे कळणार कसे? वाणिज्य शाखेच्या मित्रांना हे लगेच पटेल. तेरीज जुळावी म्हणून आकडेच बदलले, तर चूक सापडत नाही, ती दडते.

दुसरा मार्ग एकेक फ्रेम स्कॅन करून घेण्याचा. तो महाग खरा, पण चाचणीला कमी रेझोल्यूशनची प्रत पुरते. मात्र सबंध रीळ एकाच प्रकाशावर, रंगदुरुस्ती न करता उतरवून मागावे. दुरुस्तीची मजुरी तेवढीच वाचते. कोणत्या दृश्याला लेन्स किती उघडली होती, हे रोजकीर्दीसारखे वहीत टिपलेले असले, की प्रत पाहून हिशेब लागतो. मूळ रीळ नीट जपले, तर पैसे साठल्यावर त्याची देखणी प्रत पुढेही करता येईल.