डबाभर काव

डिसेंबरअखेरीला वर्षभराच्या चित्रवह्या काढून बसायची माझी जुनी खोड. कॉलेजात शिकवतो मराठी, पण रंगांचा नाद काही सुटत नाही. यंदा वह्या चाळल्या तर झाडं, नद्या, पाखरं, सगळी फोटोवरून काढलेली. जागेवर बसून काढलेलं एकही चित्र नाही! मनाला लागलं. नाताळच्या सुट्टीत बेळगावहून निघालो आणि चोर्ला घाटाने गोव्यात उतरलो.

साखळी मागे टाकून डिचोलीकडे वळलं की तांबडीलाल माती डोळ्यांत भरते. तिच्या पोटातल्या खनिजासाठी इथले डोंगर पोर्तुगीज अमदानीपासून पोखरले गेले. मला मात्र तांबड्या मातीचा दुसरा उपयोग पाहायचा होता. अस्नोडा, कोलवाळ करून शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका. तिथल्या मोरजीच्या मोरजाई देवळात कावी चित्रं आहेत.

काव म्हणजे तांबडी माती. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र करून काही दिवस आंबवायचं, कुटायचं, भिंतीला लावायचं. त्यावर कावेचा थर. तो ओला आहे तोवर टोकदार सळीने वेली, फुलं, पक्षी कोरायचे. तांबडं खरवडलं की खालचं पांढरं वर येतं. रंग दोनच, तेही पायाखालचे आणि समुद्रातले. भिंत वाळली की चूक सुधारायची सोय नाही. मी फोटो समोर ठेवून दहादा खोडतो, ते आठवून ओशाळलो.

आपल्या वाचकांना ही कला परकी नाही. कारवारपलीकडे अंकोला, कुमठा भागातही ती आहे, आणि होन्नावरचे कन्नड लेखक डॉ. कृष्णानंद कामत यांनी तिची दखल घेऊन तिच्यावर लिहिलं. माझी बायको धारवाडकडची. तिच्या बोलण्यात ‘कावी’ म्हणजे संन्याशाची वस्त्रं. शब्द तोच, रंगही तोच.

आमच्या घरच्या तुळशीवृंदावनाला आई दर दिवाळीला चुना आणि कावेचा पट्टा द्यायची. चार वर्षांपूर्वी दरसालची कटकट नको म्हणून मी त्याला ऑइलपेंट फासला. आई काही बोलली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटले, तेव्हाही बोलली नाही. निसर्गाची चित्रं काढणारा मी, आणि अंगणातली एकमेव कावेची रेघ मीच पुसली!

मोरजीत दोन तास बसून एकच वेल काढली, तीही वाकडी. ती मी खोडली नाही. परतताना रस्त्याकडेची माती जेवणाच्या रिकाम्या डब्यात भरून घेतली.

घरी आईने डबा उघडला, चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली.

“खडे हायत. वस्त्रगाळ करायला पायजे,” ती म्हणाली. “आणि चुना रे?”