स्वस्ताईचा मुलूख

मुंबईकर भूगोल शिकतो तो इंडिकेटरवर. दादर-परळच्या चाळीतल्या माणसाच्या लेखी ठाणे म्हणजे वेस, कल्याण म्हणजे सरहद्द आणि त्यापुढचा सगळा परमुलूख. कोणी अंबरनाथला जागा घेतली असे कळले की समोरचा आधी अभिनंदन करतो आणि लगेच विचारतो, "एवढ्या लांब?" लांब म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जेमतेम साठ किलोमीटर, पण पासपोर्ट लागत नाही एवढेच, बाकी निरोप परदेशी निघालेल्या माणसासारखाच मिळतो.

मीही अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला आलो तो हिशेब करूनच. परळमधल्या दहा बाय बाराच्या खोलीच्या पैशात इथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि डोंगर दिसणारी गॅलरी मिळत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी संपला हे कोणालाच धड सांगता आले नाही. तेव्हापासून गिरणगावातली किती तरी बिऱ्हाडे याच रुळांवरून पुढे पुढे सरकत आली. डोंबिवली महागली, कल्याण महागले, मग अंबरनाथ, बदलापूर, वांगणी. आता अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीला नवे स्थानक होते आहे, म्हणजे तिथलेही भाव चढणार. स्वस्ताई इथे एका जागी थांबत नाही. माणसे तिच्यामागे चालतात आणि ती पुढच्या स्टेशनावर जाऊन उभी राहते.

मोरिवली हे नाव पत्त्यात बहुधा एमआयडीसीला जोडून येते. रस्त्याच्या एका अंगाला प्लॉट नंबर घातलेली लोखंडी फाटके, धुरांडी, पाइपांच्या जाळ्या, गेटसमोर रिकामे होण्याची वाट बघणारे टँकर. दुसऱ्या अंगाला गृहसंकुलांच्या कमानी आणि बुकिंगचे फलक. मधूनच एखादे कौलारू घर, अंगणात तुळस, मागे आंबा. इथे दिवस शिफ्टवर उगवतो. पहाटे पहिल्या पाळीचे सायकलवाले निघतात तेव्हा मुंबईला जाणारे स्टेशनाकडे पळत असतात. दोन्ही लोंढे एकमेकांना छेदून जातात आणि ओळख होत नाही. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी चहाच्या टपऱ्यांवर भोजपुरी, ओडिया, खानदेशी बोली घटकाभर सैल होतात. पावसाळ्यात ढग उतरले की मलंगगड आणि तवलीचा डोंगर दिसेनासे होतात. थंडीत हवा जड होते आणि रात्री कधी कसला तरी उग्र वास येतो. नवा माणूस खिडकी लावून घेतो. जुना माणूस नुसत्या वासावरून तो कुठल्या बाजूचा, हे सांगतो.

या पट्ट्यात मूळचा कोण, हा प्रश्न अवघड आहे. १९२० च्या दशकात अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना उभा राहिला तो स्वीडिश भांडवलावर. कारखाना बंद झाला, तरी रिक्षावाला अजून विमको नाकाच म्हणतो. पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर बदलीवर आलेली देशभरची कुटुंबे. पलीकडे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी दोन हजारांवर बराकींची कल्याण छावणी बांधली होती. सैनिक गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पण पत्ता आजही कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. ज्यांनी खरोखरची सरहद्द ओलांडली, त्यांनी बराकीत पापड लाटले, फर्निचर ठोकले, जीन्स शिवल्या आणि सकाळच्या दाल-पकवानाची सवय शेजाऱ्यांनाही लावली. त्यांच्यापुढे परळहून आलेल्याने 'लांब' हा शब्द काढू नये.

फार कशाला, वालधुनीच्या काठचे शिवमंदिरही या अर्थाने बाहेरचेच. शके ९८२ म्हणजे १०६० साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झाल्याचे तिथला शिलालेख सांगतो. पण त्याची भूमिज शैली रुजली ती माळव्यात. कोणी तरी कारागीर किंवा नुसता आराखडा घाट उतरून कोकणपट्टीत आला, इथल्या काळ्या दगडात त्याने आपले काम बसवले आणि आता अंबरनाथला त्या देवळाशिवाय दुसरी खूण नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत रांगेत उभे राहिले की नव्या-जुन्याचा फरक धक्काबुक्कीत विरून जातो.

हे सगळे मी बरीच वर्षे कौतुकाने सांगत असे: बघा, कसे सगळ्यांना सामावून घेणारे गाव! त्या कौतुकाला टाचणी लावली शेजारच्या वाडीतल्या एका आगरी आजींनी. कारखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "या जाग्यावं आमचा भात व्हायचा." आवाजात तक्रार नव्हती, बसथांबा दाखवावा तसे त्यांनी शेत दाखवले. मी घर सोडून इथे आलो होतो. त्या कुठेच गेल्या नव्हत्या, आणि तरी त्यांच्या लहानपणीचे गाव त्यांच्या पायांखालून निघून गेले होते. भाताच्या जागी प्लॉट, बांधाच्या जागी कुंपण, ओढ्याच्या जागी गटार. आम्हाला परमुलखात येण्यासाठी निदान लोकल पकडावी लागली. त्यांच्याकडे परमुलूख आपण होऊन चालत आला.

तेव्हापासून माझ्या स्वस्त घराचा हिशेब मला नव्याने मांडावा लागला. माझ्या नळाला बारवी धरणाचे पाणी येते. ते एमआयडीसीने बांधले. पुढे उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. कारखान्यांनी या भागाला रोजगार दिला, हे खरेच. त्यांचे आणि शहरांचे सांडपाणी मात्र वालधुनीने पोटात घेतले. देवळाला वळसा घालून जाणारी ही नदी उल्हासनगरातून कल्याणकडे जाईपर्यंत नाला म्हणूनच ओळखली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्री मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून सुटलेला रासायनिक वायू धुक्यासारखा शहरभर पसरला. डोळे चुरचुरले, घसे खवखवले, स्टेशनाजवळचे रूळ अंधुक झाले. त्या रात्री सगळ्यांनी सारखाच श्वास घेतला: इमारतीतल्या नव्या मालकांनी, खोलीत आठ जण राहणाऱ्या कंत्राटी कामगारांनी आणि आजींनीही.

स्वस्त म्हणजे ज्याची किंमत कमी ते नव्हे. ज्याची किंमत दुसऱ्या कोणी आधीच भरून ठेवली आहे ते. शेतकऱ्याने जमिनीत भरली, नदीने पाण्यात, मुरबाडच्या माणसाने घरात. उरलेले हप्ते आपण लोकलमध्ये भरतो, जागेसाठी आधी उलटे जाऊन किंवा चौथ्या सीटवर अर्धे टेकून. बँकेच्या कागदावर यातले काहीच नसते.

म्हणून परमुलखात गेलेल्या माणसाने तिथला कधी व्हायचे, या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर असे: ज्या दिवशी तो घराचा भाव सांगणे थांबवून गावाची थकबाकी विचारू लागतो त्या दिवशी. आमच्या सोसायटीच्या सभेत पूर्वी पार्किंगवर तासभर वाद होत असे. आता वास आला की तक्रार कोण लिहिणार, प्रदूषण मंडळाकडे कोण जाणार, यावरही होतो. सह्या करणाऱ्यांत सिंधी आडनावे असतात, खानदेशी असतात, एक ओडिया फिटर असतो, आणि गेल्या वेळी आजींचा नातूही आला होता. तो त्याच भिंतीआड कंत्राटावर नोकरी करतो. सही करावी की नोकरी सांभाळावी, हे त्याला ठरवता येत नव्हते. आम्ही त्याला आग्रह केला नाही. त्याच्या घराने या गावाचे पुरेसे भरले आहे. आता पाळी आम्हा स्वस्तात आलेल्यांची.