दोन औंस माती

आपल्या पंचांगात नांगरणीला मुहूर्त आहे, पेरणीला आहे, विहीर खणण्यालाही आहे. कुंडीतली माती बदलण्याला मात्र नाही. ज्यांनी पंचांगे रचली त्यांच्या घरापुढे अंगण होते आणि मागे परसू होते. कुंडी ही जागा अपुरी पडलेल्या माणसांनी काढलेली सोय. तेव्हा तिचा मुहूर्त ज्याचा त्याने शोधायचा. आमच्या पुण्याच्या घरी तो फाल्गुनात येतो. थंडी ओसरलेली असते, ऊन अजून अंगावर धावून येत नसते, आणि गॅलरीतल्या मोगऱ्याच्या छाटलेल्या काड्यांवर मोहरीएवढे हिरवे डोळे दिसू लागतात. वर डोळे फुटू लागले की खाली मुळेही कामाला लागली असे समजावे. या दिवसांत झाड कुंडीतून काढले तर मुळांना झालेली इजा भरून यायला त्याला चार आठवडे मिळतात. तोच उद्योग वैशाखात केला तर झाड तिसऱ्या दिवशी मान टाकते. पुष्कळ जण पहिल्या पावसाची वाट पाहतात. त्यातही काही वावगे नाही. पण मोगऱ्याला फुलायचे असते उन्हाळ्यात. त्याला मृगापर्यंत ताटकळत ठेवणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडण्यासारखे आहे.

माती कशाला बदलायची, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. माती का कधी म्हातारी होते? रानातली होत नाही. तिथे झाडाचे पान झाडाखालीच पडते, कुजते आणि मुळांना परत मिळते; गांडुळे रात्रंदिवस माती वरखाली करीत असतात. कुंडीतले सारे व्यवहार एकमार्गी. गळलेले पान आपण केरात टाकतो. रोज घातलेले पाणी तळाच्या भोकातून जाते ते जाताना मातीतले क्षारही घेऊन जाते. घातलेले शेणखत वर्षा-दीड वर्षात कुजून संपते आणि माती दोन बोटे खाली बसते. तिचे कण एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते. मुळांनाही श्वास लागतो, हे आपण विसरतो. नळाचे पाणी जड असले की वर पांढरट पापुद्रा धरतो तो निराळाच. इकडे मुळे वाढत वाढत कुंडीच्या भिंतीला टेकतात आणि पुढे वाट नाही म्हणून गोल फिरू लागतात. असे झाड बाहेर काढून पाहिले तर मातीभोवती मुळांचा वेढा असा बसलेला असतो, की जणू सुंभाची चुंबळच. वरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पाने हिरवीच असतात. फक्त पूर्वीएवढी मोठी येत नाहीत, आणि सकाळी पाणी घातले तरी दुपारी मलूल दिसतात. आपण म्हणतो, पाणी कमी पडले असेल.

आमच्या घरी हे काम सासूबाईंचे आहे. त्या राजापूरकडच्या. २०१९ साली मामंजी गेले, तेव्हा गावच्या घराला कुलूप लावून त्या आमच्याकडे आल्या. धाकट्या भाऊजींच्या ठाण्याच्या घरी त्यांच्यासाठी मोठी, हवेशीर खोली आहे. पण त्यांनी आमच्याकडची गॅलरीला लागून असलेली लहान खोली पसंत केली. पहिला पावसाळा त्यांनी काही न बोलता काढला. फाल्गुनात एका दुपारी मी शाळेतून आले, तर गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे पसरलेली, त्यांवर मोगरा आडवा निजवलेला, आणि सासूबाई पदर खोचून खुरप्याने कुंडीच्या कडेची माती सोडवीत बसलेल्या.

त्यांची पद्धत मी आता पाठ केली आहे. आदल्या दिवशी पाणी तोडायचे, म्हणजे मातीचा गोळा अखंड सुटतो. कुंडी आडवी करून तळाला हाताने थोपटायचे. झाडाला धरून ओढायचे नाही. बाहेरची गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करायची, काळी पडलेली कापून टाकायची. जुनी माती सगळी झाडायची नाही; मुळांना बिलगलेली आतली माती तशीच ठेवायची. नवी कुंडी जुनीपेक्षा चार बोटेच मोठी घ्यायची. लहान झाडाला फार मोठी कुंडी दिली तर मुळे पोचत नाहीत तिथे पाणी साचून राहते आणि झाड ऐसपैस जागेतच कुजते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवायचा, मग माती, शेणखत आणि थोडी वाळू. वर बोटभर जागा पाण्याला मोकळी सोडायची. मग खालून ठिबकेपर्यंत पाणी, आणि आठ दिवस सावली. तुळशीच्या मोठ्या कुंडीसारखे जे हलवता येत नाही, त्याची वरची तीन-चार बोटे माती तेवढी काढून नवी घालायची. ती जुनी मातीसुद्धा त्या टाकत नाहीत. तिच्यातली मुळे वेचतात, चार दिवस उन्हात वाळवतात आणि शेणखत मिसळून पुन्हा वापरतात.

त्याच सुमारास शाळेत सातवीच्या वर्गाला मी हेल्माँटची गोष्ट सांगितली होती. यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट हा ब्रुसेल्सचा वैद्य. त्याने एका मातीच्या भांड्यात भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती घेतली, तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले, आणि धूळ जाऊ नये म्हणून भांड्याला भोकांचे पत्र्याचे झाकण घातले. पाच वर्षे त्याने त्याला पाण्यावाचून काही दिले नाही. मग झाड काढून तोलले, तेव्हा ते १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त दोनेक औंस कमी झालेली! हेल्माँटने निष्कर्ष काढला, की सारे झाड पाण्यातून झाले. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापले गेले. झाड हवा आणि उजेड यांवरही वाढते हे कळायला १७७९ साल उजाडावे लागले; ते इंगेनहौस याने दाखवले. पुढे १८०४ मध्ये सोस्यूरने हिशोब नीट मांडला: झाडाचा बहुतेक भार हवेचा आणि पाण्याचा; मातीतून येतात ते थोडेसे क्षार.

गोष्ट ऐकून शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, दोन औंसच लागतात, तर मग माती कशाला बदलायची?”

प्रश्न मोठा नामी होता. मी त्याला सांगितले, की ते दोन औंस नसते तर पाच पौंडांचे रोप पाच पौंडांचेच राहिले असते. नत्र, स्फुरद, पालाश ही नावे त्याच्या पुस्तकात होतीच. त्यांचे वजन करू गेले तर ते मुठीत मावेल एवढे. पण त्या मुठीवाचून सगळा पाऊस आणि सगळे ऊन झाडाच्या कामाचे नाही. मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही. हेल्माँटला ते दोन औंस दिसले होते, त्याने ते लिहूनही ठेवले होते. आणि तरी हिशोबातून सोडून दिले होते.

२०२३ च्या फाल्गुनात गावचे घर विकायचे ठरले. चार वर्षे घर बंद होते. दर पावसाळ्यात कौले सरकत होती, भिंतीला ओल धरत होती, आणि दोन्ही भावांना दुरुस्तीसाठी जाणे जमत नव्हते. गिऱ्हाईक चांगले आले. सासूबाईंना विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “विका. रिकामं घर पडतं.” कुणाला काही ऐकवले नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. मोजणीच्या वेळी भाऊजी जाणार होते, त्यांना मात्र एक काम सांगितले: “मागील दारच्या अनंताखालची थोडी माती घेऊन ये.”

भाऊजींनी खताच्या रिकाम्या पोत्यात पाव पोते माती आणली. जांभ्याची ती लाल माती. पोते सोडताच गॅलरीची फरशी तांबडी झाली. भाऊजी हसत म्हणाले, “आई, पुण्यात ही कुठल्याही रोपवाटिकेत मिळते.” शिक्षकी पेशामुळे मलाही राहवले नाही. मी सांगितले, की कोकणातल्या पावसाने या मातीतले क्षार केव्हाच धुऊन नेलेले असतात, हिच्यात झाडाला देण्यासारखे फारसे काही नसते.

“ठाऊक आहे मला,” सासूबाई म्हणाल्या. “तिथे काय शेणखत घातल्याशिवाय आलं होतं का काही?”

“मग?”

“झाडांना कुठली ओळखीची असायला? ती पुण्याची. माझ्या हातांना ओळखीची आहे.”

आणि त्या कामाला लागल्या. प्रत्येक कुंडीत एक मूठ. जास्त नाही, कमी नाही. मोगऱ्याला एक, कढीलिंबाला एक, गवती चहाला एक, तुळशीला एक. संध्याकाळी कागदपत्रे सहीसाठी पुढे आली, तेव्हा त्यांनी हात स्वच्छ धुतले, चष्मा लावला आणि सावकाश, प्रत्येक पान वाचून सह्या केल्या. नखांत थोडी लाली राहिली होती, ती साबणाने गेली नव्हती.

मी त्या दिवशी मनात एक हिशोब मांडून पाहिला. छपन्न वर्षांचा संसार, सात खणांचे घर, विहीर, माड, अनंत, मामंजींची झोपाळ्याची जागा: हे सगळे एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात खताच्या पोत्यातली पाव पोते माती. तराजूने कौल कुणाच्या बाजूला दिला असता ते सांगायला नको. पण माणूस जगायला जे मागतो ते वजनाने फार नसते. मोठी खोली त्यांनी घेतली नाही. घर राखा असा हट्ट धरला नाही. मुळांना बिलगलेली तेवढी माती मागितली, आणि बाकीचे नवे भरून घ्यायला त्या तयार होत्या.

आता त्या पोत्यात काही उरलेले नाही. पण दर फाल्गुनात जुनी माती वर्तमानपत्रांवर वाळते, चाळली जाते, शेणखत घेऊन पुन्हा कुंड्यांत जाते. गेल्या वर्षीची तुळशीतली यंदा कढीलिंबात, कढीलिंबातली मोगऱ्यात. पहिल्या वर्षी लाल आणि काळी वेगळी ओळखू येत होती. आता कोकणातली कुठली आणि पुण्याची कुठली हे मला सांगता येत नाही. सासूबाईंना विचारले, तर त्यांनी चिमूटभर माती बोटांत चुरून पाहिली, आणि म्हणाल्या, “वाळली आहे. भरायला घे.”