जोत्याखालची घूस

मृग लागायच्या आधी कोकणातली घरं वरून तपासली जातात. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, लाकूडफाटा पडवीत रचायचा. एवढं झालं की माणसं निर्धास्त होतात. पण घराला खरा धोका खालून असतो आणि तो पाहायला कंबरेत वाकावं लागतं. न्हाणीघराच्या मागे, सांडपाणी अळवात उतरतं त्या जागी, एखाद्या सकाळी ताज्या मातीचा ढीग दिसतो. माती मऊ, ओलसर, चाळणीतून काढल्यासारखी. ढिगामागे, चिऱ्याच्या खाली, मूठ जाईल एवढं भोक. ते पाहून रत्नागिरीकडची कुठलीही म्हातारी एकच वाक्य बोलते, ‘घुशीने जोतं पोखरलंन.’

घूस म्हणजे मोठा उंदीर, एवढं म्हणून भागत नाही. पूर्ण वाढलेली घूस किलोभर भरते. अंगावर राठ काळपट केस, जाड शेपूट, आणि कोंडीत सापडली की पाठीवरचे केस फुलवून केलेला गुरगुराट. चढण्यात ती उंदराइतकी तरबेज नाही, तिचं सगळं कसब जमिनीत. पुढच्या पायांनी माती सैल करायची, मागच्यांनी ढकलायची, वाटेत मूळ आलं तर दातांनी कापायचं. हे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर तिला खाताच येणार नाही, म्हणून कुरतडणं तिला भागच आहे. धान्य, कंद, माडाच्या कोवळ्या रोपाचा गाभा, गोगलगाई, खेकडे, खरकटं, सगळं चालतं. रताळी कुठल्या वाफ्यात पोसली आहेत हे तिला आपल्या आधी कळतं. मला तिचा राग येतो, पण तिच्या मेहनतीपुढे माझा राग पुष्कळदा लंगडा पडतो.

शेतात तिची धाकटी जात राहते, ती भाताच्या बांधात घर करते. बांध उकरला की आतली मांडणी दिसते. गवत अंथरलेली पिल्लांची खोली, बाजूला लोंब्यांचं कोठार, आणि पळवाटा, ज्यांच्या तोंडाशी मातीचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवलेला असतो. संकट आलं की डोक्याने तो फोडून बाहेर. भात पिकायला लागलं की कोठारही भरायला लागतं. रायगड-ठाण्याकडे कापणी उरकली की कातकरी माणसं बांधांवर येतात. एकेकाळी खैराच्या लाकडातून कात काढणारी ही जमात, आणि स्वतःची जमीन यांच्यातल्या बहुतेकांना आजही नाही. कातकरी आधी पळवाटा ओळखतो, त्या बुजवतो, मग खणायला घेतो. उंदीर चुलीवर जातात, कोठारातलं भात टोपलीत येतं आणि शेतकऱ्याचा बांध उंदरांपासून सुटतो. या जाणकारीला आपण कधी शेतीचं ज्ञान म्हटलं नाही. ‘उंदीर खाणारी माणसं’ म्हणून नाक मुरडलं आणि पुढे गेलो. बिळातली वाट कुठे वळते हे महाराष्ट्रात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

घराभोवतीच्या बिळांची अशीच जाणकारी बायकांकडे होती आणि ती सारवण्यातून आली होती. मातीची जमीन सारवताना तळहात तिच्या इंचाइंचावरून फिरतो. खालून पोकळ झालेली जागा पायाला कळत नाही, हाताला कळते. माझी आई सारवता सारवता मध्येच थांबायची, बोटांच्या पेरांनी जमीन ठोकून बघायची आणि म्हणायची, ‘हितं खाली बद्द वाजतंय.’ मग बाहेरून जोत्याला फेरी व्हायची, भोक सापडायचं, आणि त्यात फुटक्या बांगड्या, बाटल्यांच्या काचा, विटांचे तुकडे असं सगळं चिखलाबरोबर ठासलं जायचं. काच कुरतडायला घूसही धजत नाही. ही तपासणी कुणी तपासणी म्हणून करत नव्हतं. घर स्वच्छ ठेवायचं होतं, ते ठेवताना घराचा पायाही पाहिला जात होता. अंगण रोज झाडलं जायचं, म्हणून रात्री उकरलेली चार मुठी माती सकाळी लगेच नजरेला पडायची. लाकडाची रास रोज थोडी उपसली जायची, म्हणून तिच्याखाली कुणाला महिनोन् महिने निवांत राहता येत नसे. घर राबतं होतं. राबत्या घरात घूस येते, पण तिचा जम बसत नाही.

आता कोकणात गावोगाव दारांना कुलपं आहेत. चाकरमानी चतुर्थीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात मुलांना घेऊन चार दिवस आंबे खाऊन जातात. मधले सगळे महिने ते घर घुशीचं. परसदारी गवत कमरेएवढं, पडलेले नारळ तसेच, ओटीखालच्या फळ्या जागच्या जागी, गोठा रिकामा पण त्यात जुना पेंढा. जुन्या घरांचे चिरे पुष्कळ ठिकाणी मातीतच बसवलेले असतात. घूस त्या मातीला लागली की सांधा मोकळा होतो, पावसाचं पाणी त्याच वाटेने आत शिरतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत कोपरा खचतो. घर पडलं की लोक म्हणतात, वाळवी लागली, पाऊस फार झाला, घुशीने खाल्लं. तिन्ही कारणं खरीच आहेत. चौथं मात्र कुणी बोलत नाही, कारण ते बोलायचं तर आपण मुंबईला का गेलो इथपासून सुरुवात करावी लागते. त्या जाण्याला मी दोष देत नाही. पोट होतं, गावात काम नव्हतं. एवढंच म्हणतो की बंद घराचा हिशेब घुशीच्या नावावर मांडू नये.

घर सोडून गेलं आणि धान्य मागे राहिलं तर काय होतं, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या धास्तीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावातली माणसंही घरं सोडून बाहेर राहू लागली. कणग्या आत तशाच भरलेल्या. उंदरांना राखण नसलेलं कोठार आणि माणूस नसलेलं घर एकदम मिळालं. पुढच्या वर्षी, 1994 च्या ऑगस्टात, घरांतून उंदीर पटापट मरून पडायला लागले, त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळल्या, आणि प्लेगच्या गाठी म्हणजे काय हे विसरलेल्या पिढीने त्या पुन्हा पाहिल्या. त्याआधीची मोठी आठवण मुंबईची. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास या गोवेकर डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग पहिल्यांदा ओळखला तो मांडवीत, गोदीलगतच्या वखारींच्या वस्तीत. उंदीर तिथे होते कारण धान्याची पोती तिथे होती. दोन्ही वेळा रोग आधी मुक्या जनावरांना झाला, मग माणसांना. हे मात्र आपण सोयीने विसरतो.

धोका अजून सरलेला नाही, त्याचं नाव बदललं आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पावसाळ्यात ‘लेप्टो’, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा शब्द आता म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी आहे. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेलं पाणी, त्यात चिखलणी करणारे अनवाणी पाय, आणि पायाला पडलेली एखादी भेग, एवढं त्या जंतूला पुरतं. लावणीच्या दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गमबूट मिळाले तर घालावेत. घुशीचा प्रश्न नुसता भाजीच्या वाफ्याचा किंवा चिऱ्यांचा असता तर मी एवढं तळमळून लिहिलंही नसतं.

आणि तरीही, सगळा दोष बिळात राहणाऱ्यावर टाकण्याची आपली सवय मला अस्वस्थ करते. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. घरं वाहून गेली, माणसं गेली. त्यानंतर राज्याचे तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडे बांध पोखरतात हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून तर शेतकरी पावसात रोज बांधावरून फिरतो, पाणी झिरपताना दिसलं की तिथेच चिखल आणि दगड घालतो. धरणाला गळती आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते. बांधावरून फिरायचं काम ज्यांचं होतं ते फिरले नाहीत, हे त्या रात्रीचं कारण आहे, असं मी मानतो.

न फिरणाऱ्याच्या हाताशी असतं ते विष. बाजारात दहा-वीस पावलांवर पुडी मिळते. काळपट राखाडी भुकटी, लसणासारखा उग्र दर्प, नाव झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि जनावर मरतं. जनावर, असं म्हटलं मी, कारण विषाला घूस, मांजर आणि अंगणात रांगणारं मूल यांतला फरक कळत नाही. या विषावर नेमका उतारा नाही. शिवाय घूस सावध असते. नवं खाणं ती आधी थोडंसं चाखते. थोडंसं खाऊन आजारी पडली आणि वाचली, तर पुढे कित्येक दिवस त्या आमिषाकडे फिरकत नाही. म्हणून शेतीखात्याचे जाणते लोक आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष ठेवायला सांगतात. घरी पुडी आणणारा एवढा धीर धरत नाही.

दुसरं विष ब्रोमॅडिओलोनचं, तयार वड्यांचं. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि जनावर काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतं. त्या मधल्या दिवसांत ते मंदावतं, उघड्यावर भरकटतं, आणि नेमकं तेव्हाच गव्हाणी घुबडाच्या, मांजराच्या नजरेत येतं. त्यांच्या पोटात विषही जातं. पांढऱ्या, पानासारख्या चेहऱ्याचं ते घुबड जुन्या माळ्यावर, देवळाच्या कोनाड्यात राहतं, आणि पिल्लं असली की रात्रभर उंदीर आणि घुशीची पोरं वाहून आणतं. कुणी त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतो, कुणी नकळत विष घालतो. धामणीचं तसंच. बिनविषारी, लांबलचक, बिळात सहज शिरणारी, उंदरांवर जगणारी. नाग समजून तिला काठीने ठेचतात आणि दुसऱ्या दिवशी उंदीर वाढले म्हणून बाजारात जातात. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही, ही चाल ज्यांनी घातली त्यांनी निदान एक दिवस बिळातल्या राखणदाराला अभय दिलं होतं. ते अभय वर्षभराचं करायला हवं. मात्र बिळात हात घालू नये. घुशीच्या सोडलेल्या बिळात नाग आणि घोणसही राहतात, आणि पहिल्या पावसाने बिळं भरली की ते वर येतात.

मग करायचं काय? जोत्यापासून लाकूडफाटा, नारळाच्या सोडणांचे ढीग, जुनी कौलं दूर करायची, म्हणजे लपायला आडोसा राहत नाही. सांडपाण्याला बंद नळी द्यायची आणि तिच्या तोंडाला बारीक भोकांची लोखंडी जाळी. धान्य पत्र्याच्या कोठीत. खरकटं रात्री बाहेर राहू द्यायचं नाही, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट. बिळं दिसली की संध्याकाळी त्यांच्या तोंडाशी पाला कोंबून ठेवावा. सकाळी जिथला पाला निघालेला, तेच बीळ वापरातलं. ते आधी, बाकीची मागाहून, काच आणि सिमेंटने बुजवावीत. नवं घर बांधताना किंवा जोतं दुरुस्त करताना हातभर खोल जाळी पुरावी आणि तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वाकवावा. घूस भिंतीला चिकटून खाली खणते आणि त्या वाकवलेल्या जाळीवर अडते. पिंजरा लावायचा तर भाजलेलं खोबरं किंवा सुका बोंबील. पकडलेली घूस शेजाऱ्याच्या शेतात सोडून येणं हा उपाय नव्हे, तो त्याच्यावर केलेला अन्याय आहे. मारावी लागली तर एका घावात मारावी. पाण्यात बुडवून, जाळून, पोरांच्या करमणुकीसाठी मारू नये.

यातलं काहीही एकदा करून संपत नाही. घुशीचं गाभणपण जेमतेम तीन-साडेतीन आठवड्यांचं, एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज. शेवटच्या घुशीपर्यंत मारत जायचं हे स्वप्न कुठल्याही अंगणात पुरं झालेलं नाही. गावात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला बंद घराची किल्ली देऊन, महिन्यातून दोनदा अंगण झाडायला आणि जोत्याला फेरी घालायला रास्त पैसे दिले तर घर टिकतं. माझ्या ओळखीची कित्येक घरं अशीच टिकली आहेत, आणि किल्ली सांभाळणाऱ्या बाईलाही हक्काची मिळकत झाली आहे.

यंदा चतुर्थीला गावी जाल तेव्हा मखर काढायच्या आधी घराला बाहेरून एक फेरी घाला. मुलांनाही बरोबर घ्या, बीळ कसं ओळखायचं ते दाखवा. आणि दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी विषाची पुडी घरात आणू नका.