सुका की कफाचा?

खोकल्याचं औषध मागितलं की मेडिकलवाला एकच प्रश्न विचारतो: सुका की कफाचा? उत्तर मिळालं की बाटली पिशवीत. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, संध्याकाळी 'बसणं' होतं का, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी बायको शेजारी उभी असताना खरं कोण सांगणार?

*

'सुका' म्हणणाऱ्यांतले काही रक्तदाबाची गोळी घेणारे असतात. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी काहींना कोरडी ढास लागते, कारण ब्रॅडिकायनिन हे ढास आणणारं द्रव्य मोडणारं विकरच या गोळ्या अडवतात. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की ढास बहुधा काही आठवड्यांत जाते. ते राहतं बाजूला, घरात येतं सिरप. त्यात चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असेल तर ते रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब आणखी चढतो.

*

लिनेझोलिड. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर हे प्रतिजैविक देतात. सेरोटोनिन मोडणारं एमएओ नावाचं विकरही ते थोडंफार रोखतं. सुक्या खोकल्याच्या कितीतरी सिरपांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतलं सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही एकत्र आली तर थरथर, घाम, ताप, बरळणं, क्वचित जिवावर बेतणं. आणि क्षयाचा रुग्ण खोकणारच! नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिनशीही डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं वाकडं. या गोळ्या त्याचा निचरा करणारं यकृतातलं विकर अडवतात, त्यामुळे ते अंगात रेंगाळतं.

*

खोकल्यावर चघळायच्या ज्येष्ठमधाच्या कांडीला तर कोणी औषध म्हणतच नाही. पण रोज, बरेच दिवस चघळली तर पोटॅशियम उतरतं. हृदयासाठी डिगॉक्सिन आणि जोडीला लघवीची गोळी असेल तर ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांनी 'आणखी काही घेता का' विचारलं की उत्तर ठरलेलं: छे, काही नाही.

*

१९५१, मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली मद्यार्कयुक्त औषधांना लागू होणारी बंदी सर्वोच्च न्यायालयानं अवैध ठरवली. दारू वेगळी, औषध वेगळं. यकृताला हा निकाल कोणी वाचून दाखवलेला नाही.

दारू सुटावी म्हणून डायसल्फिरम घेणाऱ्याचंच बघा. खोकल्यासाठी त्यानं द्राक्षासव किंवा कनकासव घेतलं, तर त्यात आंबवण्यातून तयार झालेला साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क असतो. डायसल्फिरम मद्यार्काचं विघटन अर्ध्यावर थांबवतं, असिटाल्डिहाइड साचतं. तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. घरचे म्हणणार, पुन्हा लपूनछपून प्यायला. बिचारा काय पुरावा देणार?

*

खोकल्याच्या काही सिरपांतल्या कोडीनचं शरीरात काही प्रमाणात मॉर्फिन होतं. वर झोपेसाठी अल्प्राझोलम, त्यावर दोन पेग. तिन्ही मेंदूला मंद करतात. झोपेत श्वासच थांबू शकतो.

*

सर्दी-खोकल्याच्या सिरपांतलं क्लोरफेनिरामिन जुनं, स्वस्त, म्हणून निरुपद्रवी समजलं जातं. पेगसोबत ते गाडी चालवणाऱ्याला पेंगवतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी मध्यरात्री तुंबवतं.

*

सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत तेच, तापाच्या गोळीतही तेच. वेष्टनं तीन, म्हणून औषधं तीन वाटतात. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. रोज पिणाऱ्याच्या यकृताला तेवढंही जड जाऊ शकतं.